बाई, पंप कशाला?

खूप दिवसांनी लिहायला बसले आहे. फ्रान्सहून येऊन दीड महिना झाला. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच आहेत. नणंदबाईंचे दोन फोन येऊन गेले, "वहिनी, तिकडचं लिही की, नुसते फोटो काय बघायचे!" मुलगी तर रोज विचारते. पण लिहायला घेतलं की एकाच गोष्टीपाशी अडायला व्हायचं, आणि ती गोष्ट प्रवासवर्णनात बसत नव्हती. शेवटी ठरवलं, बसत नसेल तर नसू दे. जसं झालं तसं लिहिते.

तर झालं असं. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. मुलगी आणि जावई नेदरलँड्सला असतात. त्यांनी आम्हाला न विचारता सगळं ठरवून टाकलं. फोनवर मुलगी म्हणाली, "आई, या वेळी तुम्हाला चालायला नको, जिने चढायला नकोत, रोज बॅगा भरायला नकोत. आपण एका बोटीवर सहा दिवस राहायचं. हॉटेलच हळूहळू पुढे जात राहील." हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "हॉटेल चालणार आणि आपण बसणार? मग हरकत नाही."

किती पैसे पडले ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला नंतर कळलं. इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर पुढचं कोणी वाचणार नाही. एवढंच सांगते की तेवढ्यात माझ्या शाळेला एक वर्गखोली बांधून झाली असती.

फ्रान्सच्या पूर्व भागात बर्गंडी नावाचा प्रांत आहे, वाइनसाठी जगभर नावाजलेला. त्यातून बर्गंडी कालवा जातो, २४२ किलोमीटर लांब. एका टोकाला योन नदी, दुसऱ्या टोकाला सोन नदी. मध्ये डोंगर. १७७५ च्या सुमारास काम सुरू झालं, मध्ये क्रांती झाली, पैसे संपले, आणि कालवा पुरा व्हायला १८३२ साल उजाडलं. आम्ही दिजाँ शहराजवळच्या फ्लरे-स्युर-उश नावाच्या गावाहून निघून डोंगराच्या माथ्याजवळच्या एस्कोमपर्यंत गेलो. गाडीने गेलं तर तासाभरात पोचाल. आम्हाला सहा दिवस लागले!

बोटीला तिकडे बार्ज म्हणतात. मूळची ही मालवाहू. कोळसा, धान्य, लाकूड वाहायची. लांबी साधारण ३८ मीटर आणि रुंदी जेमतेम ५ मीटर, म्हणजे आमच्या शाळेचा व्हरांडा पाण्यात सोडल्यासारखी. हा आकार असाच का, तर १८७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने कायदा करून कालव्यांच्या लॉकची मापं ठरवून दिली आणि मग बार्जही त्याच मापाच्या बांधल्या जाऊ लागल्या. रस्ते आणि रेल्वे आल्यावर मालाचं काम गेलं. आता त्याच पोटात कोळशाच्या जागी गालिचे, पलंग, न्हाणीघरं आणि आमच्यासारखे म्हातारे.

आम्ही प्रवासी आठ. आम्ही चौघं आणि दोन अमेरिकन जोडपी. आणि आमच्या दिमतीला माणसं पाच! कप्तान, त्याचा मदतनीस, स्वयंपाकी, खोल्या आणि जेवणाचं बघणारी एक मुलगी, आणि गावं दाखवायला नेणारा वाटाड्या. आठांमागे पाच. माझ्या वर्गात एका बाईमागे साठ पोरं असायची.

खरं सांगते, पहिले दोन दिवस मला अवघडल्यासारखं झालं. ती मुलगी दिवसातून दोनदा खोली आवरायची. मी सवयीने पहाटे उठून पलंग आवरून, ओला टॉवेल वाळत घालून मोकळी. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "अगं, तिची नोकरी घालवशील." मग गप्प बसले, पण पांघरुणाची घडी केल्याशिवाय काही पाय निघाला नाही.

जेवणाचं विचाराल तर आम्ही दोघं शाकाहारी, अंडं चालतं. स्वयंपाक्याने आमच्यासाठी रोज वेगळं केलं. चीज घालून भाजलेले हलके गोळे असतात, गुजेर म्हणतात, ते यांनी पहिल्याच दिवशी सहा खाल्ले. एपवास नावाचं तिथलं चीज मात्र वासानेच दूर ठेवलं. अमेरिकन मंडळी गोगलगायी खात होती, मी खिडकीबाहेर बघत होते. आणि दिजाँची मोहरी! चमच्याच्या टोकावर घेतली आणि नाकात झिणझिण्या आल्या. डोळ्यांतून पाणी. आईची केळ्याची कोशिंबीर आठवली, फेसलेली मोहरी घातलेली. इतक्या लांब येऊन आईच्या स्वयंपाकघरातला वास येईल असं वाटलं नव्हतं.

आता वाइन. नणंदबाई, वाचत असाल तर ऐका, घेतली. दोन घोट. आंबट लागली. यांनी मात्र रोज जेवताना व्यवस्थित अर्धा पेला घेतला आणि चौथ्या दिवशी "ही कालच्यापेक्षा बरी आहे" असं मतही दिलं.

वाइन कळली नाही, पण तिच्यामागची शेती आवडली. बर्गंडीत प्रामुख्याने दोनच द्राक्षं. लाल वाइनसाठी पिनो न्वार, पांढरीसाठी शार्दोने. मग इतकी नावं आणि इतक्या किमती कशा? तर वावरावावराप्रमाणे. उताराचा कल, माती, ऊन कुठून येतं, पाणी कसं निचरतं, हे बघून शेकडो वर्षांपूर्वीपासून जमिनीचे लहान लहान तुकडे पाडले आहेत आणि प्रत्येक तुकड्याला नाव आहे. त्यांना तिकडे 'क्लिमा' म्हणतात. २०१५ साली युनेस्कोने या तुकड्यांना जागतिक वारसा म्हटलं. शेजारी शेजारी दोन वावरं, एकच जात, पण एकाची बाटली दुसऱ्याच्या दहापट. आपल्याकडे देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस यावरून जे चालतं तेच, फक्त इथे बांधाबांधावर.

व्हुजो नावाच्या गावात भिंतीने वेढलेला एक मळा पाहिला, सुमारे ५० हेक्टरचा. बाराव्या शतकात सितोच्या मठातल्या साधूंनी जमीन मिळवायला सुरुवात केली आणि पुढे भिंत घातली. आता त्या एका भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. हे ऐकून हे म्हणाले, "म्हणजे सातबारा इथेही तसाच."

बोन नावाच्या शहरात एक जुनं इस्पितळ आहे. निकोला रोलँ नावाच्या तिथल्या ड्यूकच्या प्रधानाने १४४३ साली गोरगरिबांसाठी बांधलेलं. छपरावर रंगीत कौलांची नक्षी, आत लांबच लांब दालन आणि दोन्ही बाजूंना लाल पडद्यांच्या खाटा. लोकांनी इस्पितळाला द्राक्षांचे मळे दान दिले. त्यांच्या वाइनचा १८५९ पासून दर नोव्हेंबरात लिलाव होतो आणि पैसा धर्मादाय कामाला जातो. मला हे आवडलं. देवळाला जमीन लावून देतात तसं दवाखान्याला लावून दिलेली.

पण मी अडत होते ती गोष्ट ही नव्हे. ती गोष्ट लॉकची आहे.

लॉक म्हणजे काय ते सांगते. मराठी पुस्तकात जलपाश म्हणतात. कालवा डोंगर चढणार कसा? पाणी तर चढत नाही. म्हणून कालव्याच्या पायऱ्या करतात. प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये दगडी भिंतींचा एक लांबट खण, त्याला पुढे-मागे दारं. बोट वर चढवायची असेल तर खालचं दार उघडून ती खणात घ्यायची, दार लावायचं, खणात पाणी भरायचं. पाण्याबरोबर बोट वर येते. वरच्या पायरीच्या पातळीला आली की वरचं दार उघडायचं आणि पुढे निघायचं.

बर्गंडी कालव्यावर असे १८९ लॉक आहेत. आमच्या वाटेवर चाळीसेक होते. प्रत्येकाला क्रमांक आणि पुढे अक्षर. सोन नदीच्या बाजूचे असतील तर एस, योनच्या बाजूचे असतील तर वाय. आम्ही जसजसे वर चढत होतो तसतसे आकडे कमी होत होते. यांनी खिशातल्या वहीत प्रत्येक लॉकचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवली आहे. बँकेतली सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटीच्या पुढच्या टोकाला खुर्ची टाकून बसले. बोटीचा वेग असा की काठाच्या वाटेवरून चालणारी माणसं आम्हाला मागे टाकून जात होती. या वाटा पूर्वी बोटी ओढणाऱ्यांसाठी होत्या. घोडे ओढायचे, आणि घोडा परवडत नसेल तर माणसं, बायकासुद्धा, खांद्याला पट्टा लावून. आता तिथून सायकली जातात. दोन्ही बाजूंना झाडं, पलीकडे पांढऱ्या गायी. फार शांत.

लॉक आला. बोट आत शिरली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. चहूबाजूंनी ओल्या, शेवाळलेल्या भिंती, विहिरीत उतरल्यासारखं वाटलं. काठावर एक विशी-बाविशीची मुलगी उभी होती. इथल्या लॉकवर अजूनही बरंच काम हाताने करतात आणि उन्हाळ्यात कॉलेजची मुलं कामाला लागतात, त्यांतली ती. तिने मागचं दार लावलं. पुढच्या दाराकडे गेली, लोखंडी दांडा लावून गरगर फिरवला. दाराच्या खालच्या अंगाला लहान झडपा असतात, त्या उघडल्या. वरचं पाणी धो धो खणात येऊ लागलं. बोट हलली, आणि आम्ही सगळे, ऐंशी-पंच्याऐंशी हात बोट, पलंग, गालिचे, वाइनच्या बाटल्या, सगळ्यासकट हळूहळू वर येऊ लागलो. पाचेक मिनिटांत माझं डोकं काठाच्या वर आलं आणि समोर गवत दिसलं.

मी लेकीला म्हटलं, "तिला विचार ना, पंप कुठे बसवलाय?"

लेकीने विचारलं. त्या मुलीला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती हसली. वाईट नाही, सहज. काहीतरी म्हणाली.

लेक म्हणाली, "आई, ती म्हणतेय, पंप कशाला? पाणी वरून खाली आपोआप येतं."

आणि मी खुर्चीत गार झाले. कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. मराठीत.

माझं बी.ए. इतिहासाचं, मराठी माध्यमातून. नगर जिल्ह्यातल्या एका गावात मी शिकवायला लागले तेव्हा भूगोलाचे मास्तर नव्हते, म्हणून इतिहासाच्या बाईंनाच भूगोल. पुस्तक वाचून मी शिकवायची. समुद्र पाहिला होता एकदा, अलिबागला. पण अटलांटिक, पॅसिफिक, पनामा कालवा सगळं शिकवत होते. पनामाच्या धड्यात लॉकची आकृती होती. पायऱ्या, जहाज आणि एक बाण. मी फळ्यावर आकृती काढायची आणि सांगायची, "खालच्या खणात पंपाने पाणी भरतात, मग जहाज वर येतं." पंप पुस्तकात नव्हता. पंप माझा. पाणी वर न्यायचं म्हणजे मोटर हवी, विहिरीवर असते तशी, एवढंच मला माहीत होतं.

१९८६ सालची गोष्ट. आठवीचा वर्ग. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. नाव लिहीत नाही. वडील पाटकरी होते, भंडारदऱ्याच्या पाटावर. घरी थोडी जमीन. आवर्तन सुटलं की हा रात्री उसाला दारं धरायला जायचा आणि सकाळी लाल डोळ्यांनी वर्गात यायचा. त्या दिवशी तसाच आला होता. माझं सांगून झालं आणि हा उभा राहिला.

"बाई, पंप कशाला? वरच्या खणाचं दार उघडलं तर पाणी आपोआप खाली येईल की."

मी काहीतरी म्हणाले असेन. तो बसला नाही.

"पण बाई, मग वर पाणी येतं कुठून?"

मला उत्तर माहीत नव्हतं. आणि माहीत नाही हे साठ पोरांसमोर म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. मी म्हटलं, "जास्त शहाणपणा नको. रात्रभर जागून इथे झोपा काढतोस आणि वर बाईंना शिकवतोस?" वर्ग हसला. मी त्याला तास संपेपर्यंत उभं ठेवलं.

झालं एवढंच. छडीसुद्धा लावली नाही. त्या काळात हे काहीच नव्हतं. पण त्यानंतर दोन वर्षं तो माझ्या वर्गात होता आणि त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मला ती शिस्त वाटली.

निवृत्त होईपर्यंत मी तो धडा कितीदा शिकवला असेन! दर वेळी पंपासकट. तिथे उन्हात बसून हिशोब करायला लागले आणि थांबले.

जावयाला माझा चेहरा बघून काळजी वाटली, ऊन लागलं की काय. मग मी सगळं सांगितलं. तो इंजिनिअर आहे. तो मला समजावण्यासाठी हसत म्हणाला, "आई, त्या मुलाचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा होता. सगळा कालवा त्या प्रश्नावर उभा आहे."

आणि खरंच तसंच आहे. कालवा डोंगर ओलांडतो म्हणजे त्याला एक माथा असतो. बोट चढो की उतरो, प्रत्येक वेळी माथ्यावरून खणभर पाणी खाली जातं. आम्ही कागदावर गुणाकार केला. ३९ मीटर लांब, ५ मीटर रुंद, अडीच मीटर उंच. पाचशे घनमीटरच्या आसपास. म्हणजे पाच लाख लिटर. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर! आपल्याकडे उन्हाळ्यात एका टँकरवर अख्खी वस्ती दोन दिवस काढते.

मग वर पाणी येतं कुठून? फ्रान्समध्ये हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. दक्षिणेकडचा मिदी कालवा १६६६ ते १६८१ या काळात बांधला गेला, तो पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने. तो इंजिनिअर नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा होता. त्याने डोंगरातले ओढे अडवून, पाट काढून ते पाणी कालव्याच्या सर्वांत उंच जागी आणून सोडलं. त्याआधी अनेक पिढ्या हा कालवा व्हावा म्हणून बोलत होत्या, पण माथ्यावर पाणी आणायचं कसं यावरच घोडं अडलेलं.

आमच्या कालव्याचंही तेच. माथा समुद्रसपाटीपासून ३७८ मीटरवर. आसपासच्या डोंगरांत तलाव बांधले आहेत, ग्रोबोआ, सेर्से, शाझिली, तियो, पांतिए. त्यांतून लहान पाट काढले आहेत. काहींचं पाणी माथ्यावर येतं, काहींचं थोडं खाली. पाचव्या दिवशी व्हांदनेस गावाला मुक्काम होता. बाकीची मंडळी टेकडीवरचा शातोनफचा किल्ला बघायला गेली. मी म्हटलं, मला तलाव बघायचाय. वाटाड्याला नवल वाटलं असणार, पण नेलं बिचाऱ्याने. पांतिएचा तलाव. मातीचा लांब बांध, दगडी अस्तर, आणि खाली निघालेला पाट. अगदी आपल्यासारखा. काठावर लोक मासे पकडत बसले होते. मी बांधावर उभी राहिले आणि तो लाल डोळ्यांचा पोरगा आठवत राहिले. त्याने हे सगळं न पाहता ओळखलं होतं, कारण त्याच्या बापाच्या हातात पाटाच्या दाराची किल्ली होती.

शेवटच्या दिवशी एस्कोमचा लॉक आला. क्रमांक एक, एस. यांनी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्यानंतर आम्हाला गाडीने पुढे बोगदा दाखवायला नेलं. पुई गावाखालून कालवा ३,३३३ मीटर बोगद्यातून जातो. पलीकडे पाणी योनला मिळतं, योन सेनला आणि सेन इंग्लिश खाडीला. अलीकडचं पाणी सोनमधून ऱ्होनला आणि तिथून भूमध्य समुद्राला. जलविभाजक असा शब्द मी तीस वर्षं फळ्यावर लिहिला. त्या दिवशी त्यावर उभी होते.

परत आल्यावर पनामाचंही वाचून काढलं. तिथेही पंप नाही. चाग्रेस नदी अडवून गातून तलाव केला, समुद्रापासून २६ मीटर उंच. त्याचंच पाणी लॉकमध्ये येतं आणि समुद्रात जातं. एका जहाजामागे जवळजवळ वीस कोटी लिटर. २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा रोजची जहाजं कमी करावी लागली होती.

आणि एक गंमत. गंमत कसली! १८७९ साली पॅरिसला पनामा कालव्याची परिषद भरली. सुएझ कालवा काढणारे द लेसेप्स म्हणत होते, लॉक नकोत, समुद्राच्या पातळीवर सरळ खणत जायचं. गोदँ द लेपिने नावाच्या एका इंजिनिअरने उठून सांगितलं, नदी अडवा, तलाव करा, लॉक बांधा. त्याचं कोणी ऐकलं नाही. कंपनी १८८९ साली बुडाली, हजारो माणसं रोगराईने मेली. शेवटी अमेरिकनांनी १९१४ साली कालवा सुरू केला तो धरण, तलाव आणि लॉक घालूनच. वाचताना मला वाटलं, परिषदेतही कोणीतरी माझ्यासारखंच म्हणालं असेल, "जास्त शहाणपणा नको."

मग मी त्या मुलाचा शोध घेतला. त्या तुकडीचा व्हॉट्सॲप गट आहे, त्यावर तो नव्हता, पण एका विद्यार्थिनीने नंबर मिळवून दिला. दोन दिवस फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. हे म्हणाले, "तू कर, नाहीतर मी करतो." मग केला.

तो आता पन्नाशी ओलांडलेला. शेती करतो. "बाई, तुम्ही? तब्येत कशी आहे?" आवाज जाडा झालाय, पण बोलणं तेच. मी पाल्हाळ न लावता सांगून टाकलं. पनामाचा तास, पंप, तास संपेपर्यंत उभं ठेवलं ते. म्हटलं, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं होतं."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, मला नाही आठवत असलं काही."

खरं की माझं मन राखायला, कोण जाणे. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट वाटलं, त्याला आठवत नाही इतक्यांदा त्याला उभं केलं गेलं असेल.

मी "बरं" म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "पण बाई, मग वर पाणी येतं कुठून?"

अडतीस-चाळीस वर्षांनी तोच प्रश्न! मी खुर्चीत सावरून बसले आणि सांगितलं. माथा, तलाव, पाट, झडपा, पाच लाख लिटर, सगळं. तो मध्ये मध्ये "हां", "बरोबर" म्हणत होता. "म्हणजे आमच्यासारखंच की. मग उन्हाळ्यात काय करतात?"

मी म्हटलं, "पाणी कमी असलं की—"

"दोन-तीन बोटी एकदम सोडत असतील," तोच म्हणाला. "एकेकीसाठी दार उघडायचं म्हणजे नासाडी."

बरोबर होतं. बोटी लहान असतील तर तसंच करतात. फारच टंचाई असेल तर वाहतूक बंद. २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या काही कालव्यांवर तशी वेळ आली होती, हे मी सांगितलं.

तो हसला. "आवर्तनच झालं बाई. मग मला सांगा, वरची दारं गळत असतील, मधल्यामध्ये पाणी मुरत असेल, तर शेवटच्या टप्प्याला पाणी पुरतं का? आमच्या टेलला नाही पोचत."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले.

"माहीत नाही रे," मी म्हटलं. "विचारून सांगते."

आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हे वाक्य इतक्या वर्षांच्या नोकरीत मी वर्गात एकदाही उच्चारलं नव्हतं. जावयाला प्रश्न लिहून पाठवला आहे. उत्तर आलं की आधी त्याला कळवीन, मग तुम्हाला.